नळीवरचा हिरवा लेप

बी.एस्सी. झाल्यावर मला शाळेत शिकवायचं नव्हतं. काय करायचं होतं हे मात्र सांगता येत नव्हतं. वडील गेल्यावर मी साताऱ्याहून दापोडीला मामांकडे राहायला आले होते. मामा रेल्वेत होते. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ रेल्वेलाईन आणि मुंबई रस्ता यांच्या मधल्या पट्टीत एनॅमलचा छोटा कारखाना चालवत. ताटल्या, मग, दवाखान्यातली तसराळी, दारावरचे निळे-पांढरे नंबर असला माल तिथे व्हायचा. मामांनी शब्द टाकला आणि मालक म्हणाले, "रसायनं समजणारं माणूस हवंच आहे. पण बाई आहेत, जमेल का?" मामा म्हणाले, "जमेल की नाही ते तिलाच विचारा." मालकांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

पन्नासच्या दशकाचा मध्य होता. चिंचवडपर्यंत बहुतेक शेतंच होती, मधूनच एखादं नवं धुराडं. थंडीत सकाळी आठला मी कारखान्याकडे निघायची तेव्हा नदीवरून आलेलं धुकं रुळांवर पसरलेलं असायचं. त्यात पत्र्याच्या छपराची आमची शेड अर्धीच दिसायची, खालचा भाग नसल्यासारखी. आत शिरलं की भट्टीची ऊब, तेजाबाचा आंबूस वास, आणि गोट्यांच्या गिरणीचा तो एकसुरी आवाज. या गिरणीत चिनीमातीच्या गोट्या काचेचा चुरा दळत दिवसभर फिरायच्या. त्या आवाजाने मला पहिले काही दिवस गुंगी यायची. मी टेबलाशी बसून वजनं लिहीत असायची, आणि वाटायचं, आपण जागे आहोत की झोपेत हे सगळं बघतोय?

एनॅमल म्हणजे लोखंडावर चढवलेली काच. वाळू, टाकणखार आणि आणखी काही जिन्नस वितळवायचे, तो लाल रस थंड पाण्यात ओतायचा, की त्याचे तडतडून दाणे होतात. ते दळून पाण्यात घोळ करायचा. भांडं घोळात बुडवायचं, सुकवायचं आणि भट्टीत भाजायचं. पुस्तकात मी एवढं वाचलं होतं. बुडवण्याचं काम पुस्तकात एका ओळीत होतं.

ते काम कारखान्यात एक बाई करायच्या. पन्नाशीच्या पुढच्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही. पिंपळे गुरवच्या जुन्या शेतकरी घरातल्या. रोज सकाळी नदी ओलांडून यायच्या, एरवी उथळ उतारातून चालत आणि पावसाळ्यात होडीने. चिमट्याने ताटली धरायची, घोळात तिरकी सोडायची, वर काढताना मनगटाला एक छोटा झटका. झालं. घोळ ताटलीभर सारखा पसरलेला, काठाला एक थेंब नाही. बघताना सोपं वाटायचं. मी एकदा करून पाहिलं. माझ्या ताटलीवर ओघळ आले आणि मावशी तोंडाला पदर लावून हसल्या.

"बाई, तुमी वजनं करा. ह्ये आमी करू."

मला त्याचा राग आला नाही, पण ते वाक्य मी विसरलेही नाही.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी हवाई दलाच्या विमानतळावरचे एक अधिकारी जीपमधून आले. तरुण होते, नागपूरकडचं मराठी बोलत. त्यांच्या हातात तरटात गुंडाळलेली एक नळी होती. हातभर लांबीची, मांडीएवढी जाड, अंगभर लहानमोठी भोकं. मालकांच्या टेबलावर त्यांनी ती उभी केली. धातू जागोजागी काळा पडून पापुद्रे सुटले होते, आणि एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत भेग गेली होती.

"जेट इंजिनातली आहे," ते म्हणाले. "हिच्या आत जाळ असतो. तो जाळ पुढे टर्बाइनच्या पात्यांवर जातो अन् ती फिरतात. नळी अशी जळाली की तिचे तुकडे पात्यांवर जातात. मग काही खरं नाही."

"मग आम्ही काय करायचं?" मालकांनी विचारलं.

"परदेशात म्हणे हिच्यावर एनॅमलसारखा लेप देतात. धातूला हवा लागत नाही, म्हणून तो जळत नाही. तुमचा कारखाना रस्त्यावरून दिसला, म्हणून थांबलो."

मालक माझ्याकडे बघत होते. मी नळी आडवी करून तिच्यात डोकावले होते. पलीकडच्या तोंडातून खिडकीतला उजेड येत होता, आणि भोकाभोकांतून त्याचे ठिपके आतल्या काळ्या भिंतीवर पडले होते. चांदण्या असलेली एक छोटी रात्र कुणी गुंडाळून आणल्यासारखी वाटली. मी म्हटलं, "करून बघू."

आमचा नेहमीचा एनॅमल त्या उष्णतेत पाघळून गेला असता. अधिकाऱ्यांनी कुठल्याशा मासिकातून उतरवून घेतलेलं टिपण मला दिलं. त्यात नेमकं प्रमाण नव्हतं, पण दिशा होती. बेरियम असलेली कडक काच घ्यायची आणि दळताना तिच्यात क्रोमियमचा ऑक्साइड घालायचा. तो वितळत नाही, काचेला धरून ठेवतो. पुण्याच्या बोहरी आळीतून मी ती पूड आणवली. गर्द हिरवी. गिरणीतून पहिला घोळ काढला तेव्हा सगळे बघायला आले. साचलेल्या तळ्यावरच्या शेवाळासारखा रंग. माझ्या हातांवरून, वहीवरून, जेवणाच्या डब्याच्या कडीवरून तो हिरवा पुढे कित्येक महिने गेला नाही. मामी म्हणाल्या, "तुला हळद लागायच्या आधी हे काय लागलंय?"

फुटक्या नळीच्या पट्ट्या कापून आम्ही त्यांच्यावर प्रयोग सुरू केले. भट्टी सांभाळणारे काका कोकणातले होते. नेहमीपेक्षा बरीच जास्त आच हवी म्हटल्यावर ते भट्टीच्या विटांकडे बघत म्हणाले, "ह्या विटा रडतील गो." तरी त्यांनी तेलाचा फवारा वाढवला. भट्टीच्या भोकातून बघताना लाल गेला, नारिंगी गेला, आणि एक पिवळसर उजेड आला, ज्यात पट्टी कुठे आणि उजेड कुठे हे कळेना. काका म्हणाले, "बघू नको फार वेळ. डोळ्यांत राहतो तो." राहायचा खरा. बाहेर येऊन रुळांपलीकडच्या शेतांकडे बघितलं तरी ज्वारीच्या ताटांवर एक निळा ठिपका तरंगत असायचा.

पहिल्या पट्ट्या सुंदर निघाल्या. गडद हिरव्या, मऊ चकाकीच्या. मग आम्ही त्या पुन्हा लालबुंद तापवून भात्याच्या गार वाऱ्यात धरल्या. तिसऱ्या खेपेला लाह्या फुटाव्यात तसा आवाज आला आणि लेपाचे खवले जमिनीवर उडाले. असं आठवडाभर चाललं. मी काचेचं प्रमाण बदललं, घोळात घालायची माती बदलली. रोज संध्याकाळी खवले गोळा करून कागदाच्या पुडीत ठेवत असे आणि पुडीवर क्रमांक घालत असे.

एके दिवशी मला खवल्याची मागची बाजू बघायची बुद्धी झाली. ती अगदी गुळगुळीत होती. म्हणजे लेपाने धातूला धरलंच नव्हतं. आमचं साधं लोखंड तेजाबात टाकलं की खरबरीत होतं. हा न गंजणारा धातू तेजाबाला दाद देत नव्हता. शेजारच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात वाळूचा मारा करायचं यंत्र होतं. काका पट्ट्या घेऊन तिथे गेले आणि त्यांनी त्या दुधाळ, काचपेपरासारख्या करून आणल्या. त्या दिवसापासून खवले निम्म्यावर आले. मला इतका आनंद झाला की मी मालकांना सांगायला धावतच गेले.

पण निम्मे राहिलेच. भरवसा म्हणून मी घोळ दाट ठेवत होते. जाड लेप म्हणजे जास्त संरक्षण, असं मला स्वच्छ वाटत होतं. घोळाची बाटली भरून वजन करायची आणि तो आकडा जमला की मावशींना बुडवायला सांगायची. त्या सांगितल्याप्रमाणे बुडवायच्या. एका दुपारी मात्र त्यांनी पट्टी घोळात सोडलीच नाही.

"का हो मावशी?"

"लई जाड हाय ह्ये."

"जाडच हवंय. आग असते त्यात."

त्यांनी आपला अंगठा घोळात बुडवून वर काढला आणि माझ्यापुढे धरला. "बगा. नखाची कड दिसती का?"

नाही दिसत, मी म्हटलं. अंगठा नुसता हिरवा गोळा झाला होता.

"दिसाया पायजे. नख झाकलं बी पायजे आन् त्येची कड दिसली बी पायजे. जाड लेप आन् लोखंड दोगं येगयेगळं फुगत्यात. पातळ लेप लोखंडाचं ऐकतो. जाड झाला की आपलंच खरं करतो."

हे त्यांना कुणी शिकवलं होतं? वीस वर्षं बुडवलेल्या आणि लेप फुटून परत आलेल्या ताटल्यांनी. माझ्या पुस्तकात प्रसरणावर अख्खं प्रकरण होतं, परीक्षेत मी त्यावरचा प्रश्न सोडवला होता, आणि इथे ते मला सुचलं नव्हतं. मी घोळात पाणी घातलं. त्यांनी अंगठा बुडवला. आणखी घातलं. पुन्हा अंगठा. शेवटी हिरव्याखालून नखाची कड धूसर दिसायला लागली. मावशी म्हणाल्या, "हां. आता."

ती पट्टी आम्ही तापवून तापवून थकलो. तिचा रंग थोडा काळवंडला, पण एक खवला उडाला नाही. भट्टीवाले काका तिला कानाशी धरून म्हणाले, "बोलत नाही काहीच." आम्ही तिघंही खुळ्यासारखे तिचा आवाज न येणं ऐकत उभे होतो.

मग तरुण अधिकाऱ्यांनी एक नवी, अखंड नळी पाठवली, काकांनी तिच्यावर वाळूचा मारा करून आणला आणि ती बुडवायचा दिवस ठरला. तरुण अधिकारी त्यांच्या वरिष्ठांना घेऊन येणार होते. आदल्या दिवशी मालकांनी मला बोलावलं.

"उद्या बुडवायचं काम तुम्ही करा."

"मी? मावशी करतात ना."

"अहो, विमानाचं काम आहे. चिखलाचे पाय घेऊन बाई नदीतून येणार आणि अंगठा बुडवून बघणार. त्यांना कसा भरवसा वाटेल? तुम्ही बी.एस्सी. आहात. मावशींना उद्या ताटल्यांकडे बसवू."

मालक वाईट नव्हते. त्यांना कारखान्याची काळजी होती. आणि मला, खरं सांगायचं तर, ते ऐकताना कुठेतरी बरं वाटलं. मी नाही म्हटलं नाही. सकाळी मावशींना शेडच्या दुसऱ्या टोकाला जायला सांगितलं गेलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चिमटा घेऊन निघून गेल्या.

अकराच्या सुमारास जीप आली. वरिष्ठ अधिकारी पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे. मी घोळ, भट्टी, वाळूचा मारा सगळं समजावून सांगितलं आणि नळी आकड्यांना लावून घोळात सोडली. हिरवं पाणी भोकाभोकांतून आत शिरलं, बुडबुडे आले, नळी नाहीशी झाली. मग मी ती वर काढली. झटका द्यायचा क्षण माझ्या हातातून निसटला. घोळ खाली धावला आणि खालच्या कडेला एक जाड, संथ थेंब धरून राहिला. दोनचार भोकं बुजली.

कुणालाच काही कळलं नाही. वरिष्ठ अधिकारी समाधानाने बघत होते. मालकांनी सुस्कारा सोडला. मी ती नळी वाळायला ठेवली असती, ती भट्टीत गेली असती, हिरवीगार होऊन निघालीही असती. तो जाड थेंब मात्र कधीतरी, कुठेतरी आकाशात, आपलंच खरं करणार होता.

"हे चुकलंय," मी म्हणाले.

"काय चुकलं?" मालक घाईने म्हणाले. "छान आहे की."

"खाली जाड आलाय. हे काम माझं नाही. हे ज्यांचं आहे त्यांना बोलावते."

मी नळी तशीच पाण्याच्या टाकीत घातली आणि सगळा लेप धुऊन टाकला. पाणी हिरवं होत गेलं. मग शेडभर चालत मी मावशींकडे गेले. ते अंतर मला फार लांब वाटलं. त्या ताटल्या बुडवत होत्या, मान वर न करता.

"मावशी, चला."

"सकाळी हितं बसिवलं, आता चला म्हनता?"

"मी सकाळी बोलायला हवं होतं. बोलले नाही."

त्यांनी हातातली ताटली पुरी केली, वाळायला ठेवली, हात पुसले. "चला," म्हणाल्या.

नळी सुकवून झाल्यावर त्यांनी आधी अंगठा बुडवला, सगळ्यांसमोर. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी विचारलं, हे काय? तरुण अधिकाऱ्यांनी त्यांना हिंदीत सांगितलं. मग मावशींनी नळी घोळात सोडली, वर काढली, फिरवली आणि तो झटका दिला. घोळ अंगभर एकदाच सरकला आणि थांबला. एक बोरूची नळी घेऊन त्यांनी प्रत्येक भोक हलक्या फुंकरीने मोकळं केलं. नळी गोल फिरत होती, त्या फुंकत होत्या, आणि शेडमध्ये फुंकरीशिवाय आवाज नव्हता. कुणीतरी झोपलेल्या बाळाच्या डोळ्यांवरचे केस बाजूला करतंय असं ते दृश्य होतं. शेवटचं भोक झालं तेव्हा वरिष्ठ अधिकारी पुढे झाले आणि आपला अंगठा घोळात बुडवून खिडकीच्या उजेडात बघायला लागले.

त्यांनी जाताना मावशींना नमस्कार केला. मालकांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशी मावशींसाठी बसायला नवा पाट आला.

ती नळी भाजून झाल्यावर इंजिनात बसवली गेली आणि इंजिन आधी जमिनीवरच चालवून बघायचं ठरलं. तरुण अधिकाऱ्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. मावशी लग्नातलं लुगडं नेसून आल्या होत्या. जाड भिंतीतल्या काचेमागे आम्हाला उभं केलं, कानांत कापूस घालायला दिला. इंजिन सुरू झालं तेव्हा आवाज ऐकू आलाच नाही, तो पायांतून वर चढला. मागच्या बाजूला जाळ दिसत नव्हता. नुसती हवा थरथरत होती, आणि तिच्या पलीकडची बाभळीची झाडं, कुंपण, दूरची टेकडी सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. मावशींनी माझा हात धरला.

आवाज थांबल्यावर त्यांनी कापूस काढून विचारलं, "आपली नळी त्यात हाय?"

"आहे."

"मंग ती कायबी बोलंना कशी?"

"एवढा वेळ जे ओरडत होतं ते इंजिन, मावशी. नळी गप्प आहे."

"गप्पच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. पण त्यांचं मनगट मांडीवर हळूच हलत होतं.

बऱ्याच आठवड्यांनी नळी उघडून आणली गेली. लेप काळपट हिरवा झाला होता, एका कडेला थोडा घासला होता, बाकी शाबूत. धातूला कुठे भेग नव्हती. त्या उन्हाळ्याअखेरपर्यंत आम्ही आणखी डझनभर नळ्या केल्या. मग बाहेरून नवे भाग लेपासकटच यायला लागले आणि आमचं काम थांबलं. कुणाची चूक नव्हती. आम्ही पुन्हा ताटल्यांकडे वळलो.

माझं नशीब मात्र त्या हिरव्या पुडीने बदललं. मी लिहिलेला अहवाल वरिष्ठ अधिकाऱ्यांनी कुठेतरी पुढे पाठवला आणि मला एका प्रयोगशाळेत बोलावणं आलं. मी तिथे मावशींबद्दलही विचारलं. अशा कामाची तिथे जागाच नव्हती. मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्या कुटं येऊ? माझी नदी हाय, शेत हाय. तुमी जावा."

काही वर्षांनी, लग्नानंतर, मी एकदा मामांकडे आले असताना कारखान्यात गेले. मावशी आता बुडवत नव्हत्या, सुनेच्या वयाच्या दोन बायकांना शिकवत होत्या. मालकांनी त्यांना त्या विभागाची मुकादम केलं होतं. आम्ही शेडबाहेर चहा प्यायलो. मला एक गोष्ट सांगायची होती आणि ते जमत नव्हतं. शेवटी सांगितली.

"मावशी, तो अहवाल मी लिहिला ना, त्यात लेप किती पातळ हवा ते सगळं लिहिलं. पण ते तुम्ही सांगितलं हे लिहिलं नाही. 'अनुभवी कामगाराच्या मते' एवढंच लिहिलं. तेव्हा मला तसंच लिहितात असं वाटलं होतं."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "मंग मी अनुबवी न्हाई का?"

"आहात की."

"मंग खरंच लिवलं की." मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "नाव लिवलं असतं तर पोरांकडनं वाचून घेतलं असतं. येवढंच."

आतून कुणीतरी हाक मारली, एका मुलीच्या ताटलीवर ओघळ आले होते. मावशी पदर खोचत उठल्या आणि आत गेल्या.